आधी पगाराची शीट उघडा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या ॲडमिनचा ठरलेला फोन येतो. "मॅडम, आठ मार्चला गुलाबं सांगायची की चॉकलेटं?" मी म्हणते, काहीही सांग बाबा, फक्त त्या दिवशी दुपारी मला स्टेजवर बोलावू नकोस. इन्क्रिमेंटच्या शीट त्याच सुमारास फायनल होत असतात. बायकांना फूल द्यायचा आठवडा आणि त्यांचा पुढच्या वर्षीचा पगार ठरायचा आठवडा बऱ्याच कंपन्यांत जवळपास एकच असतो. फोटो मात्र फुलांचेच निघतात.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीची एचआर हेड आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, कारखाना ठाण्याच्या पुढे, घर मुलुंडला. हल्ली नात्यातली, सोसायटीतली, ओळखीच्या ओळखीतली मुलं विचारतात, "डीईआयमध्ये करिअर करायचंय, कुठलं सर्टिफिकेट करू?" डीईआय म्हणजे विविधता, समता आणि समावेश. मी नोकरीला लागले तेव्हा हे प्रकरण कुणाच्या गावीही नव्हतं, आता त्याची स्वतंत्र खाती आहेत. माझं उत्तर मुलांना आवडत नाही. सर्टिफिकेट नंतर कर. आधी एखाद्या कंपनीच्या पगाराच्या शीटवर बस. मस्टर बघ. कुठल्या पाळीला कोण येतं, प्रमोशनच्या अटी काय आहेत, ठेकेदाराची माणसं कोण आहेत ते बघ. समता असली तर तिथे असते. नसली तर लिफ्टशेजारच्या पोस्टरने काही होत नाही.

हे मला पहिल्यांदा शिकवलं ते आईने, तेही नकळत. आई फोर्टातल्या एका कंपनीत स्टेनो होती. तिथून पाच मिनिटांवर बॅलार्ड इस्टेट, आणि तिथे मॅकिनन मॅकेन्झी ही जुनी जहाज कंपनी. त्या कंपनीत ऑड्रे डिकॉस्टा या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. हुद्द्यातच 'लेडी', आणि पगार पुरुष स्टेनोंपेक्षा कमी. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन कायद्याखाली दावा लावला. कायदा नवाकोरा होता, १९७६ चा. कंपनीचं म्हणणं असं की या बायका साहेबांच्या खास स्टेनो, त्यांचं काम वेगळं. शिवाय पगार युनियनबरोबरच्या करारात ठरलेत, आणि कंपनीची परिस्थितीही बरी नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये हे तिन्ही मुद्दे उडवून लावले. काम सारखं तर पगार सारखा. करार केला म्हणून कायदा बाजूला पडत नाही. परवडत नाही ही सबब चालत नाही. थकबाकीची रक्कम होती सात हजारांच्या आसपास. त्यासाठी दहा वर्षं.

निकालाची बातमी आली तेव्हा आईच्या ऑफिसात डब्याच्या वेळी दुसरा विषय नव्हता. "आम्ही सगळ्यांनी पर्समधून आपापल्या पगाराच्या स्लिपा काढल्या," असं ती अजून सांगते. मग? "मग काय, परत ठेवल्या. पुरुषांच्या स्लिपा दाखवा म्हणून मागणार कोण?"

मागणार कोण, हेच माझं जॉब डिस्क्रिप्शन आहे. बाकीचं सगळं तपशिलात येतं.

बी.कॉम. झाल्यावर देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटसाठी प्रयत्न केला, नंबर लागला नाही. लागला असता तर माझा पगार फार लवकर वाढला असता, उगाच खोटं कशाला बोला. मग परळच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत मास्टर ऑफ लेबर स्टडीज केलं. या संस्थेला नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव आहे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढणारे, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ते लोखंडे. वर्क-लाइफ बॅलन्सवर तासभर बोलणाऱ्या माझ्या कित्येक व्यवसायबंधूंना हे नाव ऐकूनही माहीत नसतं, आणि ते मला खटकतं. असो.

पहिली नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसला. पंचिंगची कार्डं तपासायची, ओव्हरटाइम जुळवायचा, ठेकेदाराची हजेरी घ्यायची. पॅकिंगला बहुतेक बायका होत्या, दिवा-कळव्याहून येणाऱ्या, पहिल्या पाळीला सातच्या आत गेटवर. त्यांच्यातली एक बाई इतकी तरबेज की नवीन पोरगा आला की त्याला तिच्याच शेजारी उभं करायचे. ती त्याला शिकवायची. तीन-चार वर्षांनी तो तिचा सुपरवायझर व्हायचा. मग पुढचा पोरगा.

मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. कागद काढले तर तसं काहीच नव्हतं. सुपरवायझर व्हायला तिन्ही पाळ्यांचा अनुभव लागायचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कामाला लावता येत नव्हतं. सरकारला ही वेळ थोडी मागेपुढे करता यायची, पण रात्री दहा ते पहाटे पाच हा काळ पक्का बंद. म्हणजे ती बाई त्या पदाला कधीच पात्र ठरणार नव्हती. कायदा तिच्या भल्यासाठी, अट अनुभवासाठी, हजेरी बिनचूक. तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि बाई तिथल्या तिथे.

गंमत म्हणजे पॅकिंग रात्री चालतच नव्हतं. दोनच पाळ्या. मग पॅकिंगच्या सुपरवायझरला रात्रपाळीचा अनुभव कशाला? मी एक पानभर नोट लिहून वर पाठवली. वर्क्स मॅनेजर म्हणाले, "तुम्ही टाइम ऑफिसला आहात ना? हजेरी बघा." मी नोटची झेरॉक्स युनियनच्या सेक्रेटरींना दिली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "पोरी, हे आमच्या कसं लक्षात नाही आलं?" पुढच्या चार्टर ऑफ डिमांड्समध्ये, म्हणजे युनियनच्या मागणीपत्रात, तो मुद्दा आला आणि करारात मान्यही झाला, महागाई भत्त्याच्या भांडणात कुणाचं फारसं लक्ष नसताना. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी संमती आणि सुरक्षेच्या अटीवर बायकांना रात्रपाळीची मुभा दिली आहे. पण अशा जुन्या अटी प्रमोशनच्या फायलींत अजून कुठेकुठे दडून आहेत, ते ज्याने त्याने आपापल्या कपाटात बघावं.

पाळणाघराचंही तसंच. कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. परिणाम काय, तर आकडा तिशीच्या आतच राहील याची काळजी घेतली जायची. अट बायकांच्या संख्येवर होती, म्हणून एकतिसावी बाई महाग पडायची. २०१७ च्या मातृत्वलाभ कायद्याच्या दुरुस्तीने हे पुसलं: पन्नास किंवा जास्त कर्मचारी, मग ते पुरुष असोत की बायका, पाळणाघर हवंच. कुणी आणलं माहीत नाही, पण हे डोकं लावून केलेलं काम आहे. त्याच दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि तिचा पगार मात्र, ईएसआय या सरकारी विमा योजनेत न बसणाऱ्यांच्या बाबतीत, सगळा मालकाच्या खिशातून. म्हणून मुलाखतीत "लग्न झालंय का, पुढचा विचार काय" हे अजून आडून आडून विचारलं जातं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना हा भार बव्हंशी सरकारने उचलायला हवा असं म्हटलं होतं. ते विधेयक १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झालं. भाराचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

कारखान्यातून मी कॉर्पोरेटमध्ये आले ती कम्पेन्सेशन खात्यात, म्हणजे पगार-भत्ते ठरवणाऱ्या खात्यात. एचआरमधलं हे सगळ्यात रुक्ष खातं समजतात. हुशार मुलांना ट्रेनिंग हवं असतं, कल्चर हवं असतं, एक्सेल कुणाला नको असतं. मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.

मी काय करते ते सांगते. शीट उघडायची. नाव आणि लिंगाचे कॉलम लपवायचे. ग्रेड, शहर, एकूण अनुभव, रुजू झाल्याचं वर्ष, कॅम्पसमधून आला की बाहेरून, मागच्या तीन वर्षांचं रेटिंग, हे ठेवायचं. एकेका ग्रेडमध्ये पगार चढत्या क्रमाने लावायचा. मग लपवलेले कॉलम उघडायचे. सगळ्या कंपनीची एकच सरासरी काढण्यात अर्थ नसतो, कारण वरच्या खुर्च्यांवर बायका कमी म्हणून ती कमीच येणार. तो वेगळा आजार आहे, त्याचं औषध वेगळं. एका ग्रेडच्या आत बघायचं, आणि सरासरीपेक्षा मध्यक बघायचा, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधोमध येणारा पगार.

एका ठिकाणी असं केलं तेव्हा कॅम्पसवाल्यांत फरक जवळजवळ नव्हता. बाहेरून आलेल्यांत मात्र खालच्या ओळींत बायकांची नावं दाटीने उभी. एकेकीची ऑफर फाइल काढली. सगळ्यांना एकच फॉर्म्युला: आधीच्या पगारावर तीस टक्के. मूल लहान असताना जिने दोन वर्षं घरी काढली आणि परत येताना मिळेल त्या पगारावर नोकरी धरली, तिचे तीस टक्के त्या पडलेल्या आकड्यावर. पुढची नोकरी, पुन्हा त्यावरच तीस. ती दोन वर्षं बाईच्या मागे रिटायर होईपर्यंत चालत राहतात.

फायनान्स हेडकडे गेले. त्यांनी शीट वरून खाली, खालून वर बघितली.

"आपण कुणाला कमी दिलेलं नाही. प्रत्येकाला मागच्यावर तीस दिलेत. सरसकट."

"सरसकट दिलेत म्हणूनच असं झालंय, सर."

"त्यांनी मागितले असते तर दिले असते की."

"आपल्याकडे प्रत्येक ग्रेडला पगाराचा पट्टा आहे, किमान-कमाल आहे. मग मागायला कशाला लावायचं?"

ते गप्प. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची किंमत हवी असायची, आणि मी ती घेऊनच गेले होते. या पगारांना वैतागून सोडून गेलेल्यांच्या जागा भरायला कन्सल्टंटला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्क्यांनी किती मोजले, तो आकडा मी दुसऱ्या टॅबवर ठेवला होता. दुरुस्तीचा खर्च त्याहून कमी होता. "हे पहिल्याच पानावर टाकायचं ना," असं म्हणून त्यांनी सही केली. दोन वर्षांत विभागून, कारण फायनान्सवाला एकरकमी काही देत नाही. त्याच वेळी अर्जातला 'सध्याचा सीटीसी', म्हणजे सध्याचा एकूण वार्षिक पगार, हा रकाना काढून टाकला. रिक्रूटमेंटच्या पोरांनी बोंब मारली, की मग आम्ही घासाघीस कशावर करायची? करू नका, म्हटलं.

पगार म्हटला की नेमकं कुठे बघायचं, याचं मी क्रिकेटमधलं उदाहरण देते, म्हणजे मीटिंगमधले पुरुष जागे होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने स्त्री-पुरुष खेळाडूंना सारखं मॅच-मानधन जाहीर केलं: कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. चांगलंच झालं. पण तेव्हाच्या वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी होते आणि बायकांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख. आणि बायकांच्या वाट्याला सामनेच किती येतात, तेही मोजा. कंपन्यांतही बेसिक सारखा असतो. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवरचा बदलता पगार, कुणाला, परदेशी प्रोजेक्ट कुणाला, मोठा क्लायंट कुणाकडे, हे दुसऱ्या शीटवर असतं.

लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल थोडंच लिहिते. केस सांगता येत नाहीत, कायद्याने गोपनीयता आहे आणि ती योग्यच आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. हे पाठ करणं सोपं आहे. अवघड असतं ते हाऊसकीपिंगच्या बाईने तोंड उघडल्यावर. ठेकेदाराचा माणूस लगेच मदतीला धावतो, "मॅडम, टेन्शन नको, उद्यापासून तिची साइट बदलतो." त्याच्या मते प्रश्न मिटला. बाईचा नालासोपाऱ्याहून येण्याचा हिशोब, मुलाची शाळा, सगळं कोलमडलं, आणि तो साहेब त्याच खुर्चीत. ठेक्यावरची बाईही या कायद्यात कर्मचारीच धरली आहे, आणि तिची बदली करायची तर तिने स्वतः लेखी मागितली पाहिजे. हे ठेकेदाराला समजावायला ज्याची जीभ रेटत नाही त्याने या क्षेत्रात येऊ नये.

आणि जातीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पुरा होत नाही, जरी बाहेरून छापून आलेल्या डीईआयच्या स्लाइडमध्ये तो कॉलमच नसतो. मुंबईत जात नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा पँट्रीत उभं राहावं. आमच्या एका ऑफिसात कुणीतरी सुकटीचा डबा गरम केला. मेल आला: मायक्रोवेव्ह फक्त शाकाहारी पदार्थांसाठी. उत्तर आलं, मग आमच्यासाठी दुसरा ठेवा. चार दिवस मेलवर महाभारत. मी दोन मायक्रोवेव्ह ठेवले नाहीत. एकच ठेवला, झाकण ठेवलं, एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला आणि पाटी लावली, 'झाकून गरम करा'. ढोकळ्यालाही तोच नियम. हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटेल, पण ज्यांना "आडनाव काय, कुठले तुम्ही?" या प्रश्नामागचं खरं विचारणं कळतं त्यांना ती तशी वाटली नाही. त्यातल्या एकाने नंतर कधीतरी कॉफी घेता घेता सांगितलं, की आधीच्या कंपनीत तो डबा थंडच खायचा.

करिअरचं म्हणाल तर सध्या बरे दिवस आहेत, आणि त्याला कारण सेबी, शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था. बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल सक्तीचा आहे. स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार वेगवेगळा, बाळंतपणाच्या रजेवरून किती परतल्या आणि किती टिकल्या, छळाच्या तक्रारी किती, सगळं त्यात द्यावं लागतं. पूर्वी मी हे आकडे मागितले की "कशाला हवेत?" असा प्रश्न यायचा. आता कंपनी सेक्रेटरी स्वतः फोन करून मागतो. मुलाखतीला जाताना त्या कंपनीचा हा अहवाल वाचून जा, वेबसाइटवर असतो. फार कमी उमेदवार वाचतात.

आणि शक्य असेल तर दोन वर्षं कारखान्यात किंवा गोदामात काढा. लोकलने जा, पहिल्या पाळीला पोहोचा. पीएफ, ग्रॅच्युइटी, ठेका कामगार यांचे कायदे तोंडी यायला हवेत. एलएलबी जमलं तर उत्तम. कंपनीच्या नफ्या-तोट्याचा हिशोब वाचता आला पाहिजे, नाहीतर एमडीच्या केबिनमध्ये तुमची दोन मिनिटांत बोळवण होते. चांगुलपणा सगळ्यांकडे असतो. टॅब दोन कुणाकडे नसतो.

माझ्या टीममध्ये माणूस घेताना मी प्रश्न विचारतच नाही फारसे. एक बनावट पगार-शीट देते, लॅपटॉप देते आणि म्हणते, अर्ध्या तासाने येते. बहुतेक जण चार्ट करून ठेवतात, रंगीत, देखणे. गेल्या खेपेला उल्हासनगरहून आलेली एक मुलगी होती, साध्या कॉलेजची, इंग्रजी जेमतेम. मी परत आले तर तिने फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या आणि चौथ्या ठिकाणी प्रश्न. "मॅडम, कंपनीचं कॅन्टीन आणि सफाई दाखवलीय खर्चात, पण ती माणसं या शीटवर कुठेच नाहीत. त्यांची शीट कुणाकडे असते?"

तिला घेतलं, पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर. फायनान्सकडून मेल आला, आधीचा पगार किती होता? मी कळवलं, माहीत नाही, आपण विचारत नाही. आणि ठेकेदाराची शीट त्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात मागवून घेतली.